बेरीज तीन, अभिनंदन!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर आमच्याकडे बडोद्याला जरा शिळा होऊन येतो, त्यामुळे हे पत्रही शिळंच समजा. दोन आठवड्यांपूर्वी रविवारच्या पुरवणीत ‘तुमचं मन किती निरोगी?’ या मथळ्याखाली वीस प्रश्नांची एक चाचणी छापून आली होती. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. सहापर्यंत गुण आले तर ‘अभिनंदन, तुम्ही मनाने निरोगी आहात’, बारापर्यंत ‘सावध राहा’ आणि तेरा किंवा जास्त आले तर ‘तीव्र नैराश्याची शक्यता, त्वरित तज्ज्ञांना भेटा’. या एका पानानं आमच्या घरात काय काय झालं, ते सांगायला लिहितो आहे. पत्र लांबेल. कापायचं झालं तर मधली यंत्राची हकिकत कापा, शेवट कापू नका.

आधी माझी ओळख. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही, डॉक्टरही नाही. एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात ३१ वर्षं लॅब असिस्टंट होतो. प्रश्नपुस्तिका मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, कोणी पुस्तिकेतच पेन्सिलीनं खुणा केल्या असतील तर पुढच्या बॅचसाठी त्या खोडून ठेवायच्या, स्टॉपवॉचला चावी द्यायची, ही माझी कामं. प्रॅक्टिकलच्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासायलाही बसवायचे. भोकं पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या. त्या पुठ्ठ्याला आम्ही ‘चाळणी’ म्हणायचो. मोजणारा माणूस काही विचार करत नाही, चाळणी करते, असं आमचे एक सर म्हणायचे. ते थट्टेत म्हणायचे. तुमच्या पुरवणीनं ते मनावर घेतलेलं दिसतं.

तर त्या रविवारी जेवणं झाल्यावर नातू पान घेऊन माझ्या बहिणीपुढे बसला. अक्का ८२ वर्षांची आहे, आमच्याकडेच असते. ती पापडी सोलत होती. नातू विचारत होता आणि वहीत टिपत होता.

‘सकाळी नेहमीपेक्षा लवकर जाग येते का?’
‘चारला उठते मी.’
एक गुण. अक्का गेली साठ वर्षं चारला उठते, कारण एके काळी आमच्या गल्लीत साडेचारला पाणी यायचं. पाण्याची वेळ बदलली, अक्का बदलली नाही. प्रश्नातला ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द फार मोलाचा होता, तो दोघांनी मिळून खाल्ला.
‘लवकर थकवा येतो?’
‘मग काय, पळते का मी आता?’ एक गुण.
‘भूक कमी झाली आहे?’
‘दात कमी झालेत.’ एक गुण.
‘घराबाहेर पडायचा कंटाळा येतो?’ गटाराच्या कामासाठी गल्ली दिवाळीपासून खणून ठेवली आहे. दांडिया बाजारातून सुरसागरपर्यंत चालायचं म्हणजे मलाही काठी लागते. एक गुण.
‘रात्री शांत झोप लागत नाही का?’
‘नाही.’
नातवानं ‘नाही’ लिहिलं. शून्य गुण. आता हे बघा संपादकमहाराज, अक्काला खरोखरच झोप लागत नाही. ‘नाही’ म्हणजे ‘नाही लागत’. आपल्या भाषेत नकारातल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं तर त्याचे दोन्ही अर्थ होतात. म्हणून प्रश्नावली मराठीत करताना असले ‘नाही का’ आधी काढून टाकायचे, एवढं आमच्या विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं. तुमच्या वीस प्रश्नांत असे चार आहेत, मी मोजले.

सतरावा प्रश्न होता, ‘मरण आलं तर बरं, असं मनात येतं का?’ अक्का म्हणाली, ‘रोज म्हणते की देवाला, ने आता. पण पुढच्या महिन्यात पणतीचं बारसं आहे, ते होऊन जाऊ दे.’ एक गुण.

बेरीज तेरा. नातवाचा चेहरा पडला. अक्कानं विचारलं, ‘वीसपैकी तेरा? म्हणजे पास झाले.’

म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी प्रश्नावली असते, ती काही उगाच नाही. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल नावाची चाचणी १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. आधी ३० प्रश्नांची, मग १५ प्रश्नांची छोटी. उत्तरं फक्त हो किंवा नाही. करणाऱ्यांनी तीत झोप, भूक, थकवा यांच्या तक्रारी मुद्दाम टाळल्या, कारण या वयात त्या शरीरामुळेही असतात आणि मनामुळेही, आणि कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. तुमच्या चाचणीत पाच प्रश्न शरीराचे आहेत. म्हणजे ऐंशीच्या पुढच्या माणसानं तोंड उघडायच्या आतच तो चार-पाच गुणांनी पुढे असतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. तुमच्या पानावर ‘कधीपासून’ हा शब्दच नाही. दवाखान्यांत सर्रास वापरतात ती नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी, पीएचक्यू-९, घ्या. ती पहिल्याच ओळीत बजावते की गेल्या दोन आठवड्यांतलं सांगा. मग प्रत्येक प्रश्नाला चार पायऱ्या: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची. तपासणी करायची, ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असं सांगायचं नाही. ही पुढची पायरी पानावर मावत नाही, म्हणून ती नसतेच असं वाचणाऱ्याला वाटतं.

या याद्यांचा इतिहासही गमतीचा आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारानं सैनिक मनानं खचू लागले, तेव्हा रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकन सैन्यभरतीसाठी हो-नाही उत्तरांची ११६ प्रश्नांची यादी केली. उमेदवार वाढले होते आणि एकेकाला बसवून विचारायला डॉक्टर पुरेनात, म्हणून यादी. ती कामाला लागायच्या आत युद्धच संपलं. म्हणजे माणूस कमी पडला म्हणून कागद आला. आता आपण माणूस असला तरी कागदच पुढे करतो, हा आमच्या काळातला फरक.

पुढे १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांची एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व तपासायची चाचणी आली, साडेपाचशेच्या वर विधानांची. आमच्याकडे तिच्या पुस्तिका कुलपात असत आणि चावी माझ्याकडे. तिच्यात एक मेख होती, खोटेपणा मोजायची पट्टी. ‘मला कधीकधी राग येतो’ अशा धर्तीची, कोणालाही लागू पडतील अशी काही विधानं मधूनमधून पेरलेली. जो सगळ्यांनाच ‘चूक’ म्हणतो तो साधू तरी असतो किंवा आपल्याला फसवत तरी असतो. एकदा शिक्षकांच्या एका तुकडीची चाचणी घेतली. कोणीतरी आवई उठवली होती की यावरून बढती ठरणार. चाळणी ठेवली तर चाळीसच्या चाळीस साधू निघाले! सरांनी सगळ्या उत्तरपत्रिका बाद केल्या आणि त्या रद्दीत न टाकता माझ्याकडून फाडून घेतल्या. माणूस कागदाला उत्तर देत नसतो, कागदामागे कोण बसलं आहे असं त्याला वाटतं, त्याला उत्तर देत असतो. तुमच्या चाचणीत अशी पट्टी नाही. घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या चाचणीत तर ती सगळ्यात आधी हवी.

आणि तुलना कोणाशी? एमएमपीआयसाठी ‘निरोगी’ धरलेली माणसं म्हणजे बहुतेक विद्यापीठाच्या रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेले तिथले गोरे मिनेसोटावासी, ७०० च्या वर. त्यांच्या मापाचा अंगरखा बडोद्याच्या माणसाला घातला तर बाह्या लांब होणारच. ते बदलायला इथे काय करावं लागतं, त्याचा आपल्याच लोकांनी धडा घालून दिला आहे. डॉ. वि. वि. कामतांनी १९३४ मध्ये बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमापन चाचणी धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांवर पुन्हा घासूनपुसून बसवली. शब्द बदलले, प्रश्नांचा क्रम बदलला, कुठल्या वयाच्या मुलाला काय येतं ते नव्यानं तपासलं. कामतांची पेटी आमच्या कपाटात होती. तिच्याकडे बघितलं की भाषांतर आणि बसवणं यांत काय अंतर आहे ते कळायचं.

तुमच्या प्रश्नांचं मराठी बसवलेलं नाही. ‘दैनंदिन कार्यांमधील उत्साहाचा अभाव जाणवतो का?’ असं कोण बोलतं? आमच्याकडे माणूस म्हणतो, करमत नाही. गुजरातीच्या शेजारानं म्हणतो, गमत नाही. जिवाला घोर लागलाय म्हणतो. कशात जीव रमत नाही म्हणतो. हे चारही वेगळे आहेत. करमत नाही म्हणणाऱ्याला कधी नुसतं माणूस हवं असतं, घोर लागलेल्याला मुलाच्या नोकरीची बातमी हवी असते. तुमच्या एका प्रश्नात हे चौघेही एकाच रांगेत उभे राहतात.

त्याच पानावर खालच्या चौकटीत ‘शरीर खोटं बोलत नाही’ असा मजकूर होता, मनगटावरच्या घड्याळातला ताणाचा आकडा आणि पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं यंत्र, यांच्याबद्दल. शरीर खोटं बोलत नाही हे खरं, पण ते काय बोलतं आहे हेही सांगत नाही. आमच्या लॅबमध्ये त्वचेची विद्युतवाहकता मोजायचं जुनं यंत्र होतं. दोन बोटांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या बांधायच्या. मनात जरा खळबळ झाली की तळहाताला न दिसणारा घाम सुटतो, वीज सोपी वाहते आणि काटा हलतो. दरवर्षी पत्त्याचा खेळ व्हायचा. मुलीनं मनात एक पान धरायचं, आम्ही एकेक आकडा म्हणायचा, प्रत्येकाला तिनं ‘नाही’ म्हणायचं, आणि काटा जिथे उडेल ते पान. एका वर्षी पादरा गावाहून येणाऱ्या एका मुलीचा काटा ‘पाच’ला असा उडाला की सगळे हसले. तिनं धरली होती तिर्री. पाचची एसटी चुकेल या धास्तीनं ती मघापासून घड्याळाकडे बघत होती.

पॉलिग्राफ म्हणजे हाच काटा, त्याच्या जोडीला श्वास आणि रक्तदाब. १९२१ साली अमेरिकेतल्या बर्कली पोलिसांत जॉन लार्सन यांनी ते यंत्र जुळवलं. ते भीती मोजतं, आणि पकडला जाईन ही भीती आणि नाहक पकडतील ही भीती यांचा घाम एकच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००३ मध्ये याचं गणित मांडलं होतं, ते मला फार आवडतं. समजा १०,००० नोकरदारांत १० हेर आहेत. त्यातले ८ पकडायचेच म्हणून यंत्र कडक लावलं, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निरपराध माणसंही लटकतात. तुमच्या तेरा गुणांच्या रेषेलाही हेच गणित लागू आहे. जी गोष्ट हजारांत थोड्यांना असते, तिच्यासाठी अशी कडक रेषा आखली की खऱ्यांपेक्षा खोटेच जास्त पकडले जातात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची तसली चाचणी कोणावरही जबरदस्तीनं करता येणार नाही. तुमच्या चौकटीत याचा उल्लेख नव्हता. घड्याळाचं म्हणाल तर गेल्या नवरात्रात नातवाचं घड्याळ नऊच्या नऊ रात्री त्याला ‘ताण जास्त आहे, दीर्घ श्वास घ्या’ असं सांगत होतं. तो गरबा खेळत होता.

आता ज्या कारणासाठी लिहायला बसलो ते.

तुमच्या पुरवणीत चाचणीच्या पाठीमागे शब्दकोडं असतं. ते मी मंगळवारी सोडवतो, रविवारी घाईत मजा येत नाही. मंगळवारी पान उचललं आणि खिडकीशी नेलं, तेव्हा प्रश्नांच्या बाजूला मला खुणा दिसल्या. पेन्सिलीच्या, खोडलेल्या. अक्काची उत्तरं तर वहीत होती. दुसऱ्या कोणाला त्या दिसल्या नसत्या, पण मी ३१ वर्षं खोडलेल्या खुणांकडे बघण्यातच घालवली आहेत. खोडरबरानं शिसं जातं, दाब जात नाही. पान तिरकं धरलं की सगळं वाचता येतं.

वीसपैकी तीन ‘हो’. बेरीज तीन. तुमच्या तक्त्याप्रमाणे अभिनंदन.

त्या तिनांतला एक सतरावा होता.

ती व्यक्ती कोण, ते लिहीत नाही. व्यक्ती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, त्यावरून कोणी कयास बांधू नये. तिची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे, आणि पाठवण्याआधी पत्र तिला वाचून दाखवणार आहे. तिनं कुठलीही ओळ काढ म्हटलं तर काढीन.

सतराव्या प्रश्नाला तुम्ही एक गुण दिलात. थकव्यालाही एकच. सांगितलं ना, पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न आहेत. त्यातला नववा हाच आहे, मरणाबद्दलचा आणि स्वतःला इजा करण्याबद्दलचा. त्याचेही गुण बेरजेत जातात, पण नीट शिकलेला माणूस कागद हातात आला की बेरीज करायच्या आधी नवव्याकडे बघतो. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज बाजूला ठेवून समोरच्याशी बोलतो. अक्काचं ‘हो’ आणि या व्यक्तीचं ‘हो’ तुमच्या तक्त्यात तंतोतंत सारखं आहे. एक पापडी सोलता सोलता सगळ्यांसमोर दिलेलं, दुसरं एकटीनं दिलेलं आणि नंतर खोडलेलं. तेरावालीला तुम्ही डॉक्टरकडे पाठवलंत आणि तीनवालीचं अभिनंदन केलंत.

मी काही बोललो नाही, मला जमलं नसतं. बायकोला सांगितलं. तिनं ना प्रश्नावली पाहिली ना मानसशास्त्र. दुपारी हिंचक्यावर शेजारी बसली आणि थोड्या वेळानं सरळ विचारलं, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं येतं का तुझ्या मनात?’ मी आतल्या खोलीत होतो, माझ्या पोटात गोळा आला. असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. विचारल्यानं ते मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे आमच्या विभागात वर्षानुवर्षं शिकवलं जायचं आणि मी दाराशी उभा राहून ऐकायचो. तरी पोटात गोळा आलाच. हिंचक्याची कडी बराच वेळ वाजत राहिली. मग वाजायची थांबली.

डॉक्टर झाले, औषध चालू आहे, आठवड्याला एकदा बोलायला जाणं होतं. याहून जास्त लिहीत नाही.

अशा चाचण्या छापू नका, असं माझं म्हणणं नाही. ते पान नसतं तर त्या खुणाही उमटल्या नसत्या, हे मी रात्री बऱ्याचदा स्वतःशी कबूल केलं आहे. पण छापताना त्या पानावर मुदत हवी. कोणत्या वयासाठी आहे ते हवं. ‘नाही का’ नको. अभिनंदन तर अजिबात नको, कमी गुणांना कोणीही शाबासकी देत नाही. आणि मरणाचा प्रश्न घालायचाच असेल तर तो गुणांतून बाहेर काढा, आणि त्याच्याच ओळीत, खालच्या चौकटीत नव्हे, ठळक छापा: उत्तर ‘हो’ असेल तर बेरीज करू नका, आत्ता कोणाशी तरी बोला, जवळ कोणी नसेल तर टेली-मानस, १४४१६. सरकारचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत. एवढ्या ओळीला शब्दकोड्याच्या दोन चौकोनांइतकी जागा लागेल. माझ्या कोड्यातले घ्या.

अक्काला मी हे पत्र लिहितो आहे ते कळलं. ‘त्यांना सांग, विचारायचं कसं ते मी सांगते,’ म्हणाली आणि तीन प्रश्न लिहवून घेतले. सोबत पाठवतो, पण त्यांना गुण देऊ नका, ते कोणावरही बसवलेले नाहीत.

दुपारी दार वाजलं तर चहा टाकायला उठावंसं वाटतं, की कोणी येऊच नये असं वाटतं?

आवडीची भाजी ताटात आली तरी चव लागत नाही, असं किती दिवस झालं?

रात्री जाग आली की कोणाला हाक मारावीशी वाटते, आणि ते माणूस घरात आहे का?

तिसरा प्रश्न नियमात बसत नाही, तो एकात दोन प्रश्न आहे, कोणत्या अर्ध्याला ‘हो’ म्हटलं ते कळणार नाही, असं मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग आण तुझी चाळणी.’

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट,
दांडिया बाजार, बडोदा